दोन मिनिटं

सिनेमावाल्यांना सारमानसच्या धक्क्याजवळचं,
नदी दिसणारं घर हवं होतं.
बाबा त्यांना म्हणाले म्हणे,
घर दोघांच्या नावावर आहे, मुलाची सही लागेल.
म्हणून मला फोन. नऊ वर्षांनी.
तोही प्रॉडक्शनमधल्या कुणा मुलीचा.

मी आलो तेव्हा तुळशीभोवती वायरींची वेटोळी,
आणि मधल्या खोलीत, बाबांच्या खाटेवर,
बाबांच्याच चादरीत
एक परका म्हातारा मरायची तालीम करत होता.
खऱ्या बाबांना स्वयंपाकघरात हलवलेलं,
नाकात नळी,
शेजारी घुरघुरणारं ऑक्सिजनचं यंत्र.
त्यांनी विचारलं, जेवलास?
मी म्हटलं, हो.
खोटं. दोघांनाही माहीत.

आर्टवाली पोर खिडक्यांवर स्पंजनं गेरू थापत होती.
काय हे?
मायनिंगची धूळ. पूर्वी असायची ना इथं?
असायची.
आई दिवसातून तीनदा पुसायची हीच खिडकी,
खोकायची, आणि पुन्हा फडकं पिळायची.
त्या धुळीविरुद्धच्या अर्जावर सातवी सही माझी,
आणि बाबा तेच खनिज भरलेली बार्ज
भरती बघून मुरगावला न्यायचे.
‘सांतेरी’ तिचं नाव.
ती थांबली. अर्जानं नव्हे, कोर्टानं.
पण घरात कोर्ट कुठं असतं,
घरात असतो मुलगा.

मी दिग्दर्शकाला विचारलं,
तुमच्या सिनेमातले दोघं कशावरून भांडले?
तो म्हणाला, ते सांगतच नाही आम्ही,
प्रेक्षक आपापलं घालून घेतात.

मग शेवटचा सीन. मिठीचा.
हेडफोनवाला म्हणाला, घुरघुर येतेय.
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
मग सगळ्यांनीच स्वयंपाकघराकडे.
मुलगी ओशाळून दारात आली,
सर, फक्त दोन मिनिटं.
मी ओरडलोच तिच्यावर.
बाबांनी हात वर केला,
धक्क्याला लागताना खलाशाला करायचे तसा.
“बंद कर रे. दोन मिनटांनी हांव मरचो ना.”

बटण दाबलं.
घर इतकं गप्प झालं
की पलीकडच्या तीरावर फेरीबोटीची साखळी पडली
ती ऐकू आली.
तिला कोण बंद करणार.

मी बाबांचं मनगट धरलं.
सेकंद मोजायला धरलं होतं, दुसऱ्या कशाला नाही.
त्यांचे ओठ हलत होते. कान जवळ नेला
तर ते पाण्याची खोली मोजत होते,
चार वाव... साडेतीन... तीन...
लहानपणी मला नाळेवर बसवून शिकवलेलं,
दोरी सोडायची, तळ लागला की आकडा ओरडायचा.
आकडा उतरत होता.
मी मोजणं विसरलो.

भिंतीपलीकडे तो नट हुंदके देत म्हणत होता,
मला माफ करा बाबा, मला माफ करा.
चांगला आवाज होता त्याचा.
बाबांनी डोळे उघडले,
माझं बोट हलकंच दाबलं
आणि उरलेल्या वाऱ्यावर कुजबुजले,
“बरो रडटा न्ही?”

कट.
यंत्र सुरू झालं.
सेफ्टीसाठी अजून एक घेऊ, कोणीतरी म्हणालं,
आणि बाबांनी मान डोलावली,
मला वाटतं, थोडी घाईनंच.
असे चार टेक झाले.

पावसानंतर सिनेमा डिचोलीत लागला.
तोवर मधल्या खोलीतली खाट रिकामी होती.
मी एकटाच गेलो.
मिठीच्या सीनला साखळी नव्हती,
पुसून काढली असावी.
पण माफीच्या वाक्यानंतर, अगदी मागे,
नीट कान दिला तरच,
दोन शब्द आणि एक अर्धा श्वास.

थिएटरभर लोक नाकं पुसत होते.
मला हसू फुटलं, मोठ्यानं.
पुढच्या रांगेतली बाई मागे वळून
माझ्याकडे अशी बघायला लागली,
जसं काही हिच्यापाशी वडील होते
आणि माझ्यापाशी नाहीत.